शेवटची सोळा पानं

३ जुलै

काकू,

फोनवर तू "हो, हो, बरं" म्हणतेस आणि मग काहीच करत नाहीस, म्हणून लिहून पाठवते आहे. लिहिलेलं तू टाळत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

माझ्या हट्टामुळे आमच्या शाळेत या वर्षी एक नवा तास सुरू झाला आहे. नववीच्या दहा मुलांनी आपापला विषय निवडायचा आणि फेब्रुवारीपर्यंत त्यावर स्वतःच काम करायचं. मी मार्गदर्शक. मार्गदर्शकाला नियम एकच: उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. मूल कितीही अडलं तरी आपण "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. मला हे किती जड जात असेल ते तुला सांगायला नको.

मोठ्या बाईंचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही. "वीस फेब्रुवारीला दहाच्या दहा प्रकल्प माझ्या टेबलावर दिसले पाहिजेत. एक जरी कमी पडला तर पुढच्या वर्षी तो तास गणिताला," असं त्यांनी बजावलं आहे.

नऊ जण मार्गी लागले. एक जण मुंग्या मोजतो, एक जण रस्त्यावरच्या पाट्या उतरवून घेतो. दहावी भिंगरी. तिने तीन आठवड्यांत तीन विषय बदलले. आधी म्हणे जुनी कुलपं, मग गंजून घट्ट बसलेले स्क्रू, मग एकट्या राहणाऱ्या माणसांच्या सवयी. काल येऊन म्हणाली, "बाई, आता नक्की. पुस्तकबांधणी." पहिल्या दिवशी मी वर्गात काकांच्या दुकानाबद्दल बोलले होते, त्याचाच हा परिणाम असणार. मला अगदी भरून आलं.

तिचे आजोबा तुझ्याच गावात राहतात. दिवाणखान्यात बसून पुस्तकातून बांधणी शिकता येत नाही. सुट्टीत ती तिकडे आली की तिला दहा दिवस दुकानात येऊ देशील? त्या निमित्ताने दुकानाचं दारही उघडेल. (हे शेवटचं वाक्य मी लिहिलंच नाही असं समज.)

तुझी पुतणी

११ जुलै

मास्तरीणबाई,

म्हणजे पगार तू घेणार, पोरं आपली आपण शिकणार आणि तू नुसतं "तुला काय वाटतं?" म्हणत फिरणार. अशी नोकरी आणखी कुठे असेल तर मलाही कळव. माझं वय काही फार झालेलं नाही.

पोरीला पाठव. दुकान उघडीन. पण वर्गात तू नक्की काय काय सांगितलंस? हे सांगितलंस का, की तुझ्या काकूला शाळेचं तोंड माहीत नव्हतं आणि ती वाचायला शिकली ती टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसून? हे पलीकडे बसून फाटकी पुस्तकं उसवायचे, मी अलीकडे घड्या घालायची. ते पानं स्वतःकडे धरून वाचायचे, म्हणून मला सगळी अक्षरं डोक्यावर उभी दिसायची. मी तशीच शिकले. अजूनही पेपर मला उलटा धरला तर जास्त भरभर वाचता येतो.

आणि तो छळ सांगितलास का? पुस्तक उसवलं की त्याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. मी काम करता करता एकेक फर्मा वाचून काढायची, आणि शेवटचा फर्मा हे लपवून ठेवायचे. खिशात, डब्यात, एकदा तर चक्क पिठाच्या पिंपात. "आधी शिवण होऊ दे, मग शेवट." चाळीस वर्षं हेच.

तुला हे माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे अट नीट कळेल. मोठ्या शिकंज्यात अजून ते खुनाच्या कादंबरीचं पुस्तक आहे. त्या संध्याकाळी मी बाजारात गेले होते तेवढ्यात यांनी शेवटचा फर्मा शिवला, पुस्तक दोन फळ्यांमध्ये ठेवलं आणि वरून स्क्रू पिळला. "सकाळी काढू, मग वाच," म्हणाले. सकाळी ते उठलेच नाहीत. तीन वर्षं झाली. मी तो स्क्रू फिरवलेला नाही आणि कोणी फिरवायचाही नाही. पोरीने बाकी सगळं दुकान डोक्यावर घेतलं तरी चालेल.

आता विचारशील, पुस्तक ज्याचं त्याला नको का द्यायला? ते चौकातल्या दातवाल्या डॉक्टरांचं आहे. तीन वर्षांत त्यांनी एका शब्दानेही मागितलेलं नाही, आणि तेच वाईट आहे. भांडले असते तर मीही भांडले असते. माझी उजवी दाढ वर्षभर ठणकते आहे, गावात दातवाला एकच, आणि मी त्यांच्या दारावरून जायचं टाळते. सध्या डावीकडून चावते.

खून वकिलाने केला असणार. माझी खात्री आहे.

काकू

६ ऑगस्ट

आदरणीय आजी,

मी भिंगरी. माझं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त हजेरीत वापरतात. मी तुमच्याकडे पुस्तकबांधणी शिकायला येणार आहे. तयारी म्हणून काही प्रश्न विचारते.

१. दुकानाला दारं किती आहेत?
२. शिकंज्याचा स्क्रू बरीच वर्षं फिरवला नाही तर जाम होतो का? (उदाहरणार्थ तीन वर्षं.)
३. तुम्ही बाजारात किती वाजता जाता आणि किती वेळात येता?
४. तुम्हाला गोष्टींचे शेवट आवडतात का?

आमच्या बाई उत्तरं देत नाहीत. तुम्ही द्याल अशी आशा आहे.

भिंगरी

१४ ऑगस्ट

भिंगरे,

तुझे प्रश्न वाचून वाटलं, तू पुस्तक बांधायला नाही, घर फोडायला येते आहेस.

तुझ्या बाईंचा नियम मला फार आवडला आहे, म्हणून मीही तोच पाळणार. तू दारं कशाला मोजतेस? तुझ्या घरी किती आहेत? मी बाजारात गेले तर तुझं काय अडणार आहे?

येण्याआधी एक काम कर. घरातली एक जुनी वही घे, तिचे टाके एकेक करून उसव, पानं वेगळी कर आणि तीच वही पुन्हा शिव. दोरा तोडायचा नाही. उसवताना चिडलीस तर थांब, पाणी पी, मग परत बस. उसवणं हीच अर्धी बांधणी आहे. ज्याला नीट उसवता येत नाही त्याने सुई हातात धरू नये.

आजी

२८ सप्टेंबर

काकू,

तुझी शिष्या वही घेऊन आली. तीन बाजूंनी शिवून आणली आहे. टाके इतके घट्ट की मोठ्या बाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, पान हललं नाही. मी नियमाप्रमाणे विचारलं, "ही उघडायची कुठून?"

तर म्हणते, "बाई, तोच तर माझा प्रकल्प आहे."

मला काही कळलं नाही, पण मी मार्गदर्शकाच्या वहीत "मूल खोल विचार करते आहे" असं लिहून टाकलं. मोठ्या बाई मात्र रोज जिना चढताना मला ऐकू येईल असं म्हणतात, "गणित कसं, उघडं-बंद काही नसतं."

पुढच्या महिन्यात ती तुझ्याकडे येते आहे. काकू, सांभाळून घे. आणि दाढ दाखव.

तुझी पुतणी

९ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

तुझी भिंगरी आली, राहिली, आणि मी तिला हाकलून दिलं. आता सविस्तर ऐक.

पहिले सात दिवस कसे गेले कळलं नाही. पोर गुणी आहे. चिकटवायची खळ शिजवली, गुठळी होऊ दिली नाही. हाडाच्या पट्टीने घडी घालताना जीभ बाहेर काढून बसते, अगदी यांच्यासारखी. मी तिला टेबलाच्या माझ्या बाजूला बसवलं आणि मी कुठे बसावं ते मला कळेना. शेवटी उभीच राहिले. मग तिनेच उठून आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. यांची जागा रिकामी आहे हे तिला न सांगता कळलं होतं.

आमचं बोलणं कसं चालायचं ते तुला ऐकवते, म्हणजे आपल्या नियमाने काय होतं ते तुला कळेल.

"आजी, या पुस्तकाचा शेवट तुम्हाला माहीत नाही?"

"तू सुईत दोरा ओवलास का?"

"तुम्हाला जाणून घ्यायचं नाहीये का?"

"तो दोरा तू पायाने ओवलास का?"

"तुम्ही घाबरता का?"

"तुझ्या आजोबांनी तुला मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवलं नाही का?"

"आजोबा तर मोठ्यांशी बोलतच नाहीत ना! तीच अडचण आहे," म्हणाली आणि जीभ चावली. प्रश्नचिन्हाशिवाय आलेलं हे तिचं पहिलंच वाक्य. आजोबा कोण म्हणून मी दोनदा विचारलं, तर म्हणे, "घरीच असतात. दुपारी झोपतात." ही काही ओळख झाली?

माझा गाल सुजलेला तिने पाहिला. दुसऱ्या दिवशी लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन आली. "दाढेला लावा. आजोबांनी दिली." मी लावलं, बरं वाटलं. मनात म्हटलं, पोर माया लावते आहे.

आठव्या दिवशी मी बाजारातून लवकर परतले. दुकानात पाऊल टाकलं तर लवंगेचा घमघमाट! दातवाल्याच्या खोलीत आल्यासारखं. माझी बाटली तर घरी होती. मी वास घेत घेत मोठ्या शिकंज्यापाशी गेले. स्क्रूच्या प्रत्येक आट्यात तेल.

"हे कोणी केलं?"

"प्रकल्पाने," म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून!

मी ओरडले नाही. तेच जास्त वाईट झालं. दार उघडून धरलं आणि उभी राहिले. तिने आपली हाडाची पट्टी टेबलावर सरळ ठेवली, चप्पल घातली आणि गेली. गेल्यावर मी बराच वेळ स्क्रू पुसत बसले. वास जात नाही.

तू वहीत काय लिहायचं ते लिही. मी तिच्यावर रागावलेली नाही. पण आता तिला पाठवू नकोस.

काकू

१८ जानेवारी

काकू,

दोन महिने तू एका ओळीचंही पत्र पाठवलं नाहीस आणि मलाही लिहायचा धीर झाला नाही. आज लिहायलाच हवं. खुर्चीत नीट बसून वाच.

आज मुलांच्या वह्या तपासल्या. भिंगरीने तिची वही उसवून एकाच बाजूने शिवून आणली होती, त्यामुळे ती प्रथमच उघडली. पहिलं पान जसंच्या तसं उतरवते.

"उद्देश: आजोबांचं पुस्तक शिकंज्यातून परत मिळवणे. अडचण: आजोबा म्हणतात, त्या बाईंकडे मागायचं नाही, त्यांना त्रास होईल. पद्धत एक, कुलपं. हे चोरीत मोडतं असं आई म्हणाली. रद्द. पद्धत दोन, गंजलेले स्क्रू. स्क्रू सुटेल, पण आत जाणार कसं? रद्द. पद्धत तीन, एकट्या माणसांच्या सवयी. हेही चोरीतच मोडतं. रद्द. पद्धत चार, बांधणी शिकणे. म्हणजे त्या स्वतःच दार उघडतील."

काकू, तिचे आजोबा म्हणजे तुझे दातवाले डॉक्टर! आणि मी सात महिने "मूल खोल विचार करते आहे" असं लिहीत बसले! मला हसावं की राजीनामा द्यावा ते कळत नाही. पुस्तक त्यांनी अकरा वेळा वाचलं आहे. बाराव्यांदा वाचायचं म्हणून बांधायला दिलं होतं.

पण नोव्हेंबरचं पान वाचून मी हसायची थांबले. तेही उतरवते.

"निरीक्षण: तेल घातल्यावर स्क्रू पाव फेरा सहज फिरला. मी तो परत घट्ट केला, कारण तो आजींचा आहे. निष्कर्ष: स्क्रू जाम झालेला नाही."

मी नियमाप्रमाणे काही सांगत नाही. विचारतही नाही. वीस फेब्रुवारीला प्रकल्प अपूर्ण राहिला तर राहू दे. गणित काही वाईट विषय नाही.

तुझी पुतणी

२५ जानेवारी

भिंगरे,

माझ्याच दुकानात बसून, माझीच खळ वापरून, माझ्यावरच प्रकल्प! तुझी बाई भोळी आहे, मला वाटलं मी तरी हुशार आहे.

आजोबांना सांग, पुस्तक सुखरूप आहे. ज्या दिवशी यांनी ठेवलं तसंच आहे. तू प्रकल्पात लिही, की प्रयत्न केला, पुस्तक मिळालं नाही. तेवढ्यावर तुझ्या मोठ्या बाईंचं समाधान व्हायला हरकत नाही.

तुझी हाडाची पट्टी इथेच आहे.

आजी

४ फेब्रुवारी

आदरणीय आजी,

"मिळालं नाही" असं मी लिहिणार नाही. तो निष्कर्ष नाही, तो आळस आहे.

माझ्याकडे पद्धत पाच आहे. ही चोरीत मोडत नाही, मी आईला विचारलं. आजोबांनी ते पुस्तक अकरा वेळा वाचलं आहे. त्यांना खुनी कोण ते माहीत आहे. माळी, वकील की धाकटी सून. सोमवारी मी तुम्हाला दुसरं पत्र टाकणार आहे. त्यात फक्त एक शब्द असेल.

ते पत्र पोचायला चार दिवस लागतात. तेवढ्यात तुम्हाला शेवट स्वतः वाचायचा असेल तर वाचा. नाहीतर माझ्याकडून कळेल. पोस्टमन काकांना मी पाकिटावर "तातडीचे" असंही लिहून देणार आहे.

तुमची विद्यार्थिनी (अजून)

१७ फेब्रुवारी

पोरी,

तुझ्या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मला धमकी दिली आणि मी घाबरले. हे आधी कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

शुक्रवारी सकाळी पोस्टमन आला. पाकिटावर ही मोठी अक्षरं. मी ते न फोडता घरातल्या आरशामागे खोचलं आणि दुकानात गेले. तीन वर्षं मला वाटत होतं की शेवट कळला की आमचं बोलणं संपेल. अजून ते मला काहीतरी द्यायचं म्हणून लपवून बसले आहेत, असं चालू होतं. पण तो शब्द मला यांच्याऐवजी एका भोचक पोरीने कळवावा? तेवढं मी सहन करणार नव्हते.

स्क्रूला हात लावला. लवंगेचा वास अजून होता. पहिला फेरा इतका सहज फिरला की मला यांचाच राग आला. निदान थोडं अडून तरी बसायचं!

पुस्तक सुंदर झालं आहे. कणा ताठ, कडा सरळ. उभ्यानेच शेवटची पानं उघडली. शेवटचा फर्मा उलटा शिवलेला आहे. सोळाच्या सोळा पानं डोक्यावर उभी!

चाळीस वर्षांत यांनी फर्मा उलटा शिवला नव्हता. शिकाऊ माणूसही करत नाही. मला आधी हसू आलं. तीन वर्षं मी रस्ते बदलत, शेवटी दाढेचा ठणकाही सोसत काय राखलं, तर एक चूक! मग आठवलं, त्या आठवड्यात यांचा चष्मा दुरुस्तीला होता. मग वाटलं, तसं असतं तर बाकीची शिवण इतकी सरळ कशी?

पुस्तक टेबलावर यांच्या जागेसमोर ठेवलं, ते वाचत असते तसं, त्यांच्याकडे तोंड करून. आणि मी माझ्या बाजूला, माझ्या स्टुलावर जाऊन बसले. बाकीचं सगळं पुस्तक त्यांच्याकडे. शेवटची सोळा पानं माझ्याकडे. त्या टेबलावर आयुष्यात पहिल्यांदा मी सुलटी अक्षरं वाचली. हळूहळू वाचली. सवय नव्हती.

मग घरी जाऊन भिंगरीचं पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, "माहीत नाही. आजोबा सांगत नाहीत, म्हणतात स्वतः वाच." फसवलं कार्टीने. एकच शब्द असेल म्हणाली होती, तेही खोटं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन चौकात गेले. डॉक्टरांनी दारातच मला पाहिलं, पुस्तक पाहिलं, सुजलेला गाल पाहिला आणि म्हणाले, "आधी खुर्चीत बसा." दाढ वाचणार नव्हती. काढली. मी तोंड आवळून बसले होते तेवढ्यात त्यांनी हात पुसले, पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानाकडे न बघता थेट शेवट उघडला. अकरा वेळा वाचलेला माणूस! पुस्तक फिरवलं, परत फिरवलं.

भिंगरीला हाडाची पट्टी टपालाने पाठवली आहे. तिचा प्रकल्प वीस तारखेला मोठ्या बाईंच्या टेबलावर असेल, त्याची काळजी करू नकोस. तिला तिच्या वहीत शेवटच्या पानावर काय लिहायचं ते मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. आणि खुनी कोण ते तर मुळीच विचारू नकोस. पुस्तक डॉक्टरांकडे आहे, त्यांच्यानंतर भिंगरीचा नंबर आहे, तू तिच्या मागे उभी राहा. वकील नव्हता एवढंच सांगते.

हं, तर डॉक्टर. त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि मला विचारलं, "बाई, ही त्यांची चूक, की मुद्दाम?"

माझ्या तोंडात कापसाचा एवढा मोठा बोळा होता. उत्तर देता आलं नाही. बरं झालं.

काकू